सांधा कोणाच्या हाती?

काही दिवसांपूर्वी आम्ही तिघे सहकारी विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी मुकुटबनला गेलो होतो. मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील गाव. वणीहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. आसपास कोळसा आहे, चुनखडी आहे आणि २०२२ पासून सिमेंटचा मोठा कारखानाही चालू आहे. गाडीला अवकाश होता म्हणून स्थानकावर उभे राहून आम्ही समोरून जाणारी मालगाडी पाहत होतो. डबे वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेले. पण सगळे एकाच इंजिनामागे एकमेकांना जोडलेले. यात नवल वाटावे असे काय आहे, असे आपण म्हणाल. त्याच दिवशी दुपारी एका शाळेत जे पाहिले, त्यामुळे आम्हाला मात्र नवल वाटत होते.

त्या शाळेच्या दोन इमारती आहेत आणि त्यांत सव्वा किलोमीटरचे अंतर आहे. तांब्याच्या जाळ्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर, म्हणून मधून प्रकाशतंतू टाकलेला आहे. तीन आठवड्यांपासून ही जोडणी बंद होती. तंतू शाबूत होता. दोन्ही टोकांच्या पेट्याही (त्यांना स्विच म्हणतात) चालू होत्या. बिघडला होता तो पेटीत खोचायचा बोटाएवढा भाग, म्हणजे प्रकाशीय ट्रान्सीव्हर. शिक्षकांनी पदरमोड करून बाजारातून त्याच मापाचा, त्याच क्षमतेचा दुसरा आणला. तो खाचेत बरोबर बसला. पण पेटीने त्याला नकार दिला. पडद्यावर संदेश आला, त्याचा अर्थ एवढाच की हा भाग आमच्या कंपनीचा नाही. दिवस बारावीचे परीक्षा अर्ज भरण्याचे होते. शाळेचे लिपिक कागदांचा गठ्ठा घेऊन रोज वणीला जात होते.

तेथील विज्ञानाच्या शिक्षकांनी आम्हाला विचारले, "सर, तार आमची, पेटी आमची, पैसे देऊन घेतलेली. मग नाही म्हणणारा हा कोण?"

या प्रश्नाचे उत्तर प्रकाशाच्या भौतिकीत सापडत नाही. ते सांध्यांच्या इतिहासात सापडते. दोन वस्तू जेथे जुळतात ती जागा ज्याच्या हातात असते, त्याच्या हातात दोन्ही वस्तू जातात. हा इतिहास जुना आहे आणि त्याचा एक धडा यवतमाळ जिल्ह्यातच लिहिला गेला आहे.

रुळांमधले अंतर

हिंदुस्थानात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. तिच्या दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, १६७६ मिलिमीटर होते. पुढे खर्च वाचवण्यासाठी १००० मिलिमीटरचे मीटर गेज आले आणि त्याहूनही अरुंद मार्ग आले. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा मार्ग अवघ्या ७६२ मिलिमीटरचा. लोक त्या गाडीला प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. तिचे मुख्य काम वऱ्हाडातील कापूस बाहेर नेण्याचे. पण मूर्तिजापूरला गाडी पोचली की कापसाच्या गाठी उतरवून मुंबईच्या रुंद मार्गावरील डब्यांत पुन्हा चढवाव्या लागत. कापूस तोच, लोखंडही तेच. दोन मापे जुळत नव्हती म्हणून माणसांच्या पाठीवरून एक जादा प्रवास. या मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीकडेच राहिली होती, ही आणखी एक गंमत. गेली काही वर्षे शकुंतला बंद आहे.

मुकुटबनहून पुढे आदिलाबादला गेले की मुदखेडपर्यंतचा मार्ग पूर्वी मीटर गेजचा होता. भारतीय रेल्वेने १९९२ मध्ये सर्व मुख्य मार्ग एकाच मापाचे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यानंतर हाही मार्ग रुंद झाला. मुकुटबनला आम्ही पाहिलेली ती सलग मालगाडी अशा प्रकारे पुष्कळ पैसे खर्च करून मिळालेली आहे.

गेजचा अडथळा निदान डोळ्यांना दिसत होता. फूटपट्टी घेऊन तो कोणालाही मोजता येत होता. पुढच्या काळात सांधे तसे राहिले नाहीत.

टेलिफोनला लावलेली वाटी

अमेरिकेत टेलिफोनचा बहुतेक सारा कारभार दीर्घकाळ एकाच कंपनीकडे होता. तिचा नियम असा की आमच्या तारेला आम्ही न दिलेली कोणतीही वस्तू जोडता कामा नये. बोललेले शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरच्या बोलण्याच्या टोकावर बसवायची वाटीसारखी एक साधी वस्तू तेथे विकली जात असे. तिचे नाव 'हश-अ-फोन'. तिच्यात वीज नाही, तार नाही. तरी तीही कंपनीला चालेना. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९५६ मध्ये निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. मग थॉमस कार्टर नावाच्या गृहस्थाचे 'कार्टरफोन' हे यंत्र आले. ते बिनतारी संच आणि टेलिफोन यांना जोडत असे. १९६८ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने ठरवले की जाळ्याला अपाय होत नसेल तर बाहेरची वस्तू जोडण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

कंपनीने हे मानले, पण एक अट घातली. बाहेरच्या यंत्राच्या आणि तारेच्या मध्ये सुरक्षिततेसाठी एक पेटी हवी आणि ती आमच्याकडूनच भाड्याने घ्यावी! म्हणजे दार उघडले आणि उंबरठ्यावर पहारेकरी बसवला. हा पहारा १९७५ नंतर उठला. यंत्राने कोणत्या विद्युतीय कसोट्या पार करायच्या हे आयोगानेच जाहीर केले. जो कसोटीला उतरेल तो जोडला जाईल. कंपनीच्या परवानगीचा प्रश्न उरला नाही.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि कित्येक वर्षे घरोघरचा तो काळा, जड टेलिफोन म्हणजे याच कारखान्याचा माल. ग्राहकाकडे बसणारी उपकरणे बनवण्यास खासगी उत्पादकांना १९८४ मध्ये मुभा मिळाली. त्याच वर्षी सी-डॉट ही संशोधन संस्था सुरू झाली. तिने १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण टेलिफोन केंद्र तयार केले. ते वातानुकूलनाशिवाय चालत असे. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम बसवले गेले. सी-डॉटने स्वतः कारखाना काढला नाही. आराखडा अनेक उत्पादकांना दिला. एकच वस्तू चार ठिकाणी बनू लागली की सांधा एकाच्या हातात राहत नाही.

काचेचा तंतू

आता प्रकाशाकडे वळू. वाकलेल्या काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते, हे नरिंदरसिंग कपानी आणि हेरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये लंडनला दाखवले. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश दूरवर जातील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने असा तंतू प्रत्यक्षात ओढला. आणि १९७९ मध्ये भारतातील टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू यंत्रणा सुरू झाली ती पुण्यात. महाराष्ट्राला याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

त्या सुरुवातीच्या यंत्रणांत प्रकाश पाठवणारे आणि घेणारे भाग मोठ्या यंत्रातच पक्के बसवलेले असत. दोन्ही टोके बहुधा एकाच उत्पादकाची. एक टोक बिघडले की त्याच उत्पादकाकडे जाणे आले. यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर खोचून बसवता आणि काढता येणारे ट्रान्सीव्हर निघाले. मग सप्टेंबर २००० मध्ये एजिलंट, फिनिसार, ल्यूसंट, सुमितोमो इलेक्ट्रिक आदी कंपन्यांनी मिळून एक करार केला. लहान आकाराच्या ट्रान्सीव्हरची लांबी-रुंदी, त्याच्या वीस पिना, प्रत्येक पिनेचे काम, सारे ठरवून जाहीर केले. यालाच आज एस. एफ. पी. म्हणतात. या कराराचा हेतूच मुळी कोणाचाही भाग कोणाच्याही पेटीत बसावा असा होता.

या बोटाएवढ्या डबीत असते तरी काय? विजेच्या संदेशाबरोबर लुकलुकणारा छोटा लेसर, समोरून आलेल्या प्रकाशाची पुन्हा वीज करणारा फोटोडायोड, या दोघांना सांभाळणारे परिपथ आणि एक चिमुकली स्मृती. ही स्मृती २५६ बाइटांची. डबीने पेटीला आपली ओळख सांगावी यासाठी ती ठेवलेली आहे. शून्यापासून मोजायचे तर २० ते ३५ या बाइटांत बनवणाऱ्याचे नाव असते, ६० व ६१ मध्ये तरंगलांबी, ६८ ते ८३ मध्ये अनुक्रमांक. बाइट ६३ मजेदार आहे. ० ते ६२ या सर्व बाइटांची बेरीज करायची, २५६ ने भागायचे आणि उरलेली बाकी तेथे लिहायची. समजा तीनच बाइट आहेत: १२, २०० आणि ९०. बेरीज ३०२, बाकी ४६. वाचताना बाकी ४६ आली नाही तर काहीतरी चुकीचे वाचले गेले आहे. वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखे हे गणित आहे.

आणि ९६ ते १२७ हे बत्तीस बाइट? ते करारातच उत्पादकाला मोकळे सोडलेले आहेत. त्यांत काय लिहावे ते ज्याचे त्याने ठरवावे.

बत्तीस बाइटांतले कुलूप

पेट्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या स्वतः लेसर बनवत नाहीत. त्या प्रकाशीय भागांच्या कारखान्यांकडून ट्रान्सीव्हर घेतात, त्यावर आपली चिठ्ठी लावतात आणि विकतात. तोच कारखाना तसाच माल स्वतःच्या किंवा तिसऱ्याच एखाद्याच्या नावाने विकत असेल तर तो पुष्कळ स्वस्त पडतो. अर्थातच ग्राहक तिकडे वळू लागले. तेव्हा काही कंपन्यांनी पेटीच्या आज्ञावलीत एक तपासणी घातली. पेटी डबीची स्मृती वाचते. बनवणाऱ्याचे नाव आपल्या यादीत आहे का पाहते. नुसते नाव कोणीही लिहील, म्हणून नाव आणि अनुक्रमांक यांवरून गुप्त रीतीने काढलेली एक संख्या त्या मोकळ्या बाइटांत लिहून ठेवण्याची पद्धतही आली. संख्या जुळली नाही तर दार बंद.

बाइट ६३ आणि ही गुप्त संख्या यांची तुलना करून पाहा. गणित साधारण एकाच जातीचे. पहिल्याची रीत सर्वांना जाहीर आहे आणि ती चूक पकडते. दुसऱ्याची रीत झाकलेली आहे आणि ती परका पकडते. मघाच्या टेलिफोन कंपनीची उंबरठ्यावरची पेटी आठवते ना? तीच येथे बत्तीस बाइटांत येऊन बसली आहे.

कुलपाला किल्ल्याही निघाल्या. सिस्को या कंपनीच्या अनेक पेट्यांत अनोळखी ट्रान्सीव्हर चालू द्यावा असे सांगणारी आज्ञा आहे. मात्र बिघाड त्या भागामुळे झाल्याचे आढळले तर आम्ही मदत नाकारू शकतो, असे कंपनी म्हणते. इंटेलच्या काही जाळेपत्रांसाठी लिनक्समध्ये जी खुली आज्ञावली आहे, तिच्यात एक पर्याय बदलला की ही अडवणूक थांबते. काही पेट्यांत मात्र अशी सोय नाही. तेथे ट्रान्सीव्हर विकणारेच त्या त्या पेटीला हवी तशी स्मृती लिहून देतात.

कंपनीचे म्हणणे

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कंपन्या म्हणतात की प्रत्येक भाग आम्ही तपासलेला असतो; बाहेरच्या भागाची हमी आम्ही कशी घ्यावी? यात तथ्य आहे. लेसर तापला की तो पेटण्यासाठी लागणारा प्रवाह वाढतो. साध्या ट्रान्सीव्हरचे बाह्य कवच ० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालावे असे धरलेले असते, तर कडक हवामानासाठीच्या प्रकाराची मर्यादा उणे ४० ते ८५ अंश. विदर्भात मे महिन्यात सावलीतच ४५ अंश होतात. पत्र्याच्या छपराखालच्या बंद कपाटात साधा ट्रान्सीव्हर ठेवला तर तो लवकर मान टाकील, मग चिठ्ठी कोणाचीही असो. निकृष्ट मालही बाजारात आहेच.

पण मग विचारायचे ते असे: भाग चांगला की वाईट हे नावावरून ठरवावे की मोजून? मोजणे अवघड नाही. प्रकाशाची शक्ती डीबीएम या एककात मोजतात. १ मिलिवॅट म्हणजे ० डीबीएम. दर १० ने खाली गेले की शक्ती दशांश होते, ३ ने खाली गेले की साधारण निम्मी. १० किलोमीटरसाठीच्या १ गिगाबिट ट्रान्सीव्हरने मानकानुसार किमान उणे ९ डीबीएम, म्हणजे सुमारे एक-अष्टमांश मिलिवॅट प्रकाश सोडला पाहिजे. पलीकडच्याला उणे १९.५ डीबीएमपर्यंत क्षीण झालेला प्रकाश वाचता आला पाहिजे. म्हणजे वाटेत १०.५ डेसिबेलचा ऱ्हास परवडतो.

आता पूर्ण १० किलोमीटरचा हिशेब करू. १३१० नॅनोमीटरला दर किलोमीटरला ०.४ डेसिबेल ऱ्हास धरला तर ४ डेसिबेल. दोन टोकांच्या जोडण्यांचा मिळून १, वाटेतील पाच सांध्यांचा मिळून ०.५. एकूण ५.५. हाती ५ डेसिबेल शिल्लक. शाळेच्या सव्वा किलोमीटरला तंतूचा ऱ्हास फक्त ०.५, बाकीचे तेवढेच धरले तरी एकूण २. शिल्लक ८.५! येथे भौतिकीला कसलीच तक्रार नाही. विद्यार्थ्यांना एक ताकीद मात्र द्यावी. तंतूच्या टोकात डोळा घालून कधीही पाहू नये. हा प्रकाश अवरक्त आहे, दिसत नाही आणि अपाय मात्र करू शकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही तो शोधू नये, कारण कॅमेऱ्यातील सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा असतो. त्यासाठी शक्तिमापकच हवा.

बऱ्याच ट्रान्सीव्हरमध्ये स्वतःचे तापमान, लेसरचा प्रवाह, गेलेली आणि आलेली शक्ती सांगण्याची सोय असते. तिचेही मानक जाहीर आहे. लेसरचा प्रवाह महिन्यामागून महिना वाढत चालला तर तो म्हातारा होतो आहे असे समजावे.

पुढचे सांधे

गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तिच्या पहिल्या टप्प्यात जीपॉन हे तंत्र वापरले गेले. यात केंद्रातील एकाच यंत्रापासून निघालेला तंतू फाटे फुटत अनेक टोकांना पोचतो. जीपॉनचेही आंतरराष्ट्रीय मानक आहे. तरीही एका उत्पादकाचे टोकाचे यंत्र दुसऱ्याच्या केंद्रातील यंत्राशी नीट बोलेलच असे नाही, कारण देखरेखीच्या संदेशांत प्रत्येकाने आपापली भर घातलेली असते. सी-डॉटने याही वेळी स्वतःचे जीपॉन तंत्र विकसित करून ते अनेक उत्पादकांना दिले. कित्तूरचाच कित्ता तो. सांधा कोठे आहे हे दर पिढीत नव्याने शोधावे लागते.

वस्तू दुरुस्त करण्याच्या ग्राहकाच्या हक्कासाठी भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एक माहितीस्थळ सुरू केले. आरंभ शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने या चार क्षेत्रांपासून झाला. शाळेच्या कपाटातील पेटीसाठी तूर्त आपणच जागे राहायला हवे.

त्या शाळेचे काय झाले? पेटीला आज्ञा देण्याचा सांकेतिक शब्द शाळेकडे नव्हता. तो पेटी बसवणाऱ्याकडे होता आणि त्याचा दूरध्वनी लागत नव्हता. शेवटी विक्रेत्याने तीच डबी परत घेतली, तिची स्मृती त्या पेटीला हवी तशी लिहिली आणि चार दिवसांनी पाठवली. पेटीने ती निमूटपणे स्वीकारली. शिक्षकांनी शक्तिमापकाचे आधीचे आणि नंतरचे आकडे आम्हाला कळवले, ते सारखेच होते. लेसर तोच, प्रकाश तोच. डबीने आपले खरे नाव सांगितले तेव्हा तिला बाहेर ठेवले आणि दुसऱ्याचे सांगितले तेव्हा आत घेतले. लिपिकांच्या वणीच्या फेऱ्या थांबल्या, पण तोवर अर्जांची मुदत दोन दिवसांवर आली होती.

शिक्षकांच्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर दिले ते एवढेच: नाही म्हणणारा तो खरेदीच्या दिवशीच घरात आला होता, आपण त्याला काही विचारले नाही. म्हणून आता शाळेच्या खरेदीच्या कागदात दोन ओळी वाढवल्या आहेत. पहिली: मानकात बसणारा कोणत्याही उत्पादकाचा ट्रान्सीव्हर पेटीने स्वीकारला पाहिजे आणि तसे बसवतेवेळी करून दाखवले पाहिजे. दुसरी: सांकेतिक शब्द शाळेच्या ताब्यात राहील. शिवाय कपाटाच्या दाराला एक वही टांगली आहे. अकरावीची मुले दर सोमवारी तिच्यात तापमान, लेसरचा प्रवाह आणि आलेली शक्ती लिहितात. आपल्या शाळेत प्रकाशतंतू आला असेल, तर अशी वही घालायला फारसा खर्च येत नाही.